डोंगराला लिंपण

"मागची माती नगं, उस्ताद," मी तिसऱ्यांदा म्हणालो.

सासरा माळवदावर उकिडवा बसून थापी फिरवत होता आणि मी खाली अंगणात गुडघाभर चिखल तुडवत होतो. जर्दाळूची पानं गळायला लागली की आमच्या खाकदरा गावातली सगळी घरं एकदमच लिंपायला निघतात. पिवळी माती आणि गव्हाचं काड कालवून तीन दिवस भिजत घालायचं, पायानं तुडवायचं, घमेल्यानं वर चढवायचं आणि माळवदावर बोटभर जाडीचा थर द्यायचा. तेवढ्यावर हिवाळ्याचा बर्फ आणि वसंतातले चार पाऊस निभतात. माती ज्याची त्यानं आणायची असते, पण अख्खं गाव ती एकाच जागेवरून आणतं, आमच्या घरामागच्या कड्याच्या पायथ्यावरून. तिथली माती मऊ, खड्याचं नाव नाही, काडाला धरून राहते. वर्षानुवर्षं उकरून पायथ्याला आत शिरलेली एक कपार झाली होती. चार गाढवं आत बांधता आली असती.

"का नगं?" वरून आवाज आला.

"पायथा पोखरल्यावर वरचा कडा कशावर उभा ऱ्हाईल?"

"चाळीस वर्सं उभाच हाय की. तुज्या गावच्या धोंड्यांनी येऊन कानात सांगितलं काय?"

शेजारच्या माळवदावर जुमागुल आपा स्वतःचं लिंपण करत होती. विधवा बाई, दोन शेळ्या आणि एक गाय एवढाच संसार, पण गावातलं प्रत्येक भांडण तिला पुढच्या रांगेतून बघायला लागतं. ती तोंडावर ओढणी धरून हसली.

मी डोंगरापलीकडच्या संगदऱ्याचा. तिकडं सगळा दगड. दगड निसटतो तो दिसतो, आवाज करतो, माणसाला बाजूला व्हायला वेळ देतो. ही पिवळी माती मात्र कोरडी असली की उभी कापली तरी भिंतीसारखी उभी राहते आणि पाणी पोटात गेलं की कुणाला न सांगता बसते. हे मला इथं आल्यावर पहिल्या दोन वर्षांत कळलं. गावाला पिढ्यान्‌पिढ्या राहून कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. आणि मी सांगायचं तर मी पडलो घरजावई. उस्ताद गुलमुरोदला सफरमो ही एकच लेक, मुलगा नाही. बावीस वर्षांपूर्वी अंथरुणाची वळकटी खांद्यावर टाकून मी या घरात आलो. तेव्हापासून माझं शोदीबेक हे नाव बायकोला आणि सरकारी कागदांना तेवढं ठाऊक आहे. बाकी गाव मला जावई म्हणतं. माझ्यासमोर जन्मलेली आणि आता मिशा फुटलेली पोरंही जावईच म्हणतात. बैठकीत जावयाची जागा दाराशी, जिथं लोक पादत्राणं काढून ठेवतात तिथं. तिथून बोललेलं पुढच्या गाद्यांपर्यंत पोचत नाही. पोचलं तर लोक चहा ढवळायला लागतात.

सासरा मात्र गावाचा उस्ताद. आजूबाजूच्या सात खेड्यांत त्याच्या हातासारखं लिंपण कुणाचं नाही. त्यानं लिंपलेल्या माळवदाखाली माणूस जन्मतो, लग्न करतो आणि म्हातारा होतो, पण अंगावर थेंब पडत नाही, असं लोक म्हणतात आणि ते खरं आहे. मीसुद्धा त्याच्याच हाताखाली शिकलो, म्हणून त्याला उस्ताद म्हणतो. शिकलो म्हणजे बावीस वर्षं चिखल तुडवला. थापी त्यानं मला कधी दिली नाही.

त्या दिवशीचं भांडण नेहमीचंच होतं. मी माती दुसरीकडून आणतो म्हणालो, तो आणू नको म्हणाला, शेवटी मागचीच माती आली आणि कपार आणखी हातभर आत गेली.

चारच दिवसांनी वाळलेलं गवत कापायला मी कड्यावर गेलो आणि भेग पाहिली. कड्याच्या काठापासून तीस पावलं मागं, काठाला समांतर, कड्याला लागून असलेल्या सातही घरांच्या माथ्यावरून गेलेली. कुठं दोन बोटं रुंद, कुठं मूठ जाईल एवढी. मी काठी आत घातली. पूर्ण काठी गेली आणि तळ लागला नाही. एक ढेकूळ सोडून कान दिला. ते बराच वेळ खरखरत खाली जात राहिलं. या भेगेच्या सरळ खाली आमचं घर होतं, आणि घरात सफरमो भाकऱ्या थापत असणार होती.

कड्याचं झिजणं नवीन नव्हतं. उन्हाळ्यात दुपारी नुसतं बसून ऐकलं तर वारा नसतानाही माती सरसर निसटत असते. हिवाळ्यात दिवसा भेगेत पाणी जातं, रात्री गोठून फुगतं आणि सकाळी ऊन पडलं की ढेकळं सुटतात. शेळ्या तिरप्या वाटा पाडतात आणि पाऊस त्याच वाटांनी खाली येताना वाटेचा ओहोळ करून टाकतो. सासऱ्याच्या आजोबांचं मळणीचं खळं कड्यावर होतं, त्या जागी आता घारी उडतात. हे तो पाहुण्यांना कौतुकानं सांगायचा. आणि गावाचा हिशेब असा की कडा दरवर्षी मागं सरकतो म्हणजे आपल्यापासून लांब जातो, म्हणजे चांगलंच आहे. जे लांब गेलं त्याची माती कुठं येऊन पडते, हे कुणी विचारत नव्हतं.

मी भेगेचं सांगितलं तेव्हा सासरा हसला नाही. दुसऱ्या दिवशी काठी टेकत स्वतः वर आला. भेगेच्या काठाशी गुडघ्यावर बसला, कडेची माती चिमटीत घेऊन चोळली, हुंगली, एक कण जिभेवर ठेवला. पाठीमागं रईस बोइमत आणि दहा-बारा माणसं उभी होती. बोइमत आमच्या गावाचा प्रमुख. भला माणूस, पण कुठल्याही गोष्टीवर ताबडतोब काहीतरी करून टाकलं पाहिजे असं त्याला वाटतं.

"माळवदाला जाती तसलीच चीर हाय," सासरा उठत म्हणाला. "उन्हानं आवळून आलीया. दोन हात लिंपण दिलं की बंद हुईल. पानी आत जानार न्हाई, आन्‌ पानी न्हाई गेलं तर कडा जातोय कुटं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटचं वाक्य बरोबर होतं, तिथंच घोटाळा होता. पाणी आत जाऊ द्यायचं नाही, एवढं म्हाताऱ्याला कळत होतं. पण ज्याच्या हातात जन्मभर थापी आहे त्याला डोंगर हेही एक माळवदच दिसणार.

बैठक भरली तेव्हा मी दाराशी बसून म्हणालो की भेगेखालच्या सात घरांनी हिवाळ्याआधी पलीकडच्या गोट्याळ माळावर हलावं. भिंती काय, मातीच्याच, कुठंही उभ्या राहतात. खरं घर म्हणजे वासे. आमच्याकडं एक चिनार लावायचा, वीस वर्षं वाट बघायची, तेव्हा एक तुळई मिळते. वासे वाचले तर घर वाचलं. मी हे नीट, सावकाश सांगितलं. बोइमतनं विचारलं, माळावर पाणी कुठून आणायचं, तंदूर कुठं घालायचे, जर्दाळूची झाडं पाठीवर न्यायची का. कुणीतरी म्हणालं, जावयाला दगड आठवायला लागले. लोक हसले. मग ठरलं की जुम्म्यानंतर तीन दिवस हशर करायचा, म्हणजे घरटी एक माणूस, मजुरी नाही, दुपारचा पुलाव उस्तादाच्या घरून.

पुलाव आमच्या घरून म्हणजे सफरमोनं रांधायचा. ती त्या रात्री गाजरं चिरता चिरता एवढंच म्हणाली, "तुमाला समदं आधीच कळतं, पन एकाला बी पटवता येत न्हाई." ते मला लोकांच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

पहिल्या दिवशी गाढवांवरून पाणी वर नेलं. सकाळपासून दुपारपर्यंत अकरा खेपा झाल्या आणि चिखल झाला तो चार माळवदांपुरता. भेग होती अडीचशे पावलं. बोइमत काठावर उभा राहून वरच्या पठारावरच्या गव्हाला जाणाऱ्या पाटाकडं बघत होता. त्याच्या तोंडावर तो भाव आला की मला धसकाच बसतो. त्यानं पाटाचा काठ फोडून एक चर थेट भेगेच्या मागं आणला, तिथं पाच खड्डे खणवले आणि पाणी सोडलं. माती तिथंच, पाणी तिथंच, गाढवांची कटकट गेली. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

मी सासऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. "उस्ताद, ह्ये पानी कुटं जाईल?"

"चिकलात जाईल. आनि कुटं?"

"खड्ड्याला तळ न्हाई बांधलेला."

"मातीला तळ मातीच अस्ती. जा, काड आन."

मी काड आणलं. हे मला सांगितलंच पाहिजे. रागानं थापी फेकून निघून जाईन म्हणालो तर माझ्या हातात थापी नव्हतीच. तीन दिवस त्या खड्ड्यांत सगळ्यांत जास्त काड मीच टाकलं आणि सगळ्यांत जास्त चिखल मीच तुडवला. दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो तर संध्याकाळी काठोकाठ भरलेले पाचही खड्डे कोरडे होते. चिखल जागच्या जागी घट्ट बसला होता आणि पाण्याचा पत्ता नव्हता. मी सासऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, सहा महिने पाऊस नाही, माती तहानलेली आहे, पाजा तिला. बोइमतनं चर रुंद केला. माती तीन दिवस पोटभर पाणी प्याली आणि आम्ही वरून भेग मिटवत राहिलो.

लिंपण मात्र असं झालं की नजर काढावी. सासरा पायाच्या दुखण्यानं कण्हत होता तरी शेवटचा हात त्यानं कुणाला देऊ दिला नाही. कड्याच्या माथ्यावर अडीचशे पावलं लांब, हातभर रुंद, गुळगुळीत पट्टा. त्यावरून त्यानं तळहात फिरवला आणि तो इतका खूष झाला की मला त्याची दया आली. दुपारी सगळे कड्यावरच पुलाव जेवले. बोइमतनं दुवा मागितली.

हिवाळा गेला. बर्फ पडला, वितळला, पुन्हा पडला. लिंपण हललं नाही. मी मशिदीसमोरून जायला लागलो की कुणीतरी विचारायचं, "जावई, डोंगर कवा येतोय?" मी पहिल्यांदा उत्तरं दिली, मग नुसतं हसलो, मग रस्ता बदलला. सासरा फक्त जेवताना माळवदाकडं बघायचा आणि मग माझ्याकडं, आणि चहा मागायचा.

वसंतातल्या नव्या वर्षाला, नवरोजला, नऊ दिवस असताना आमच्या मागच्या खोलीचं दार बसेना. चौकट तिरकी झाली होती. गव्हाच्या रांजणाच्या बुडाशी ओल आली. दोन दिवसांनी कपारीत, जिथून सगळं गाव माती उकरायचं तिथं, पाणी दिसलं. बोटभर धार, पिवळसर. खाकदऱ्याच्या आठवणीत त्या कड्यातून कधी पाणी आलं नव्हतं.

मी धार बघत उभा होतो, तेवढ्यात जुमागुल आपा हंडा घेऊन आली. तिच्यामागं आणखी दोघीजणी. दुपारपर्यंत तिथं जत्रा भरली. नवरोजच्या तोंडावर कोरड्या डोंगरानं झरा दिला, यापेक्षा मोठा शकुन कोणता? कुणी कपारीच्या तोंडाशी फडक्याच्या चिंध्या बांधल्या. कुणी धारेखाली दगड मांडून छोटं कुंड केलं. बोइमत म्हणाला, मागून इथं हौद बांधू. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की हा झरा नाही, आपण पानगळीत पाजलेलं पाणी आणि हिवाळ्याचा बर्फ डोंगराच्या पोटातून बाहेर पडतोय, आणि येताना माती घेऊन येतोय. हवं तर हंड्याच्या तळाशी बघा. त्यानं हंड्यात हात घातला, तळाची चिमूटभर पिवळी माती वर काढली, निरखली आणि पुन्हा पाण्यात सोडली.

"जावई, तुमच्या दाराशी देवानं पानी आनलंया," जुमागुल आपा मला म्हणाली, "आन्‌ तुमचं त्वांड अजून कडूच. कसली मान्सं तुमच्या गावची?"

मला तिच्या हंड्याला लाथ घालावीशी वाटली. घातली नाही. घरात आलो आणि सफरमोला म्हणालो की मी माळवद उतरवतोय.

तिचा हात थांबला. आमच्याकडं घरमालक जिवंत असताना, तो त्याच छपराखाली राहत असताना वासे उतरवणं म्हणजे त्याचं कफन शिवायला बसण्यासारखं. गावात कुणी केलं नव्हतं. तिनं चुलीतला जाळ मागं ओढला. मग उठली, पेटीवर रचलेल्या गाद्यांच्या थप्पीतल्या वरच्या दोन काखेत मारल्या आणि बापासमोर गेली.

"दादा, मी माळावर चालले. तुमी बसा, न्हाईतर या."

"कुनी सांगितलं जायाला? त्यानं?"

"दार बसंना, रांजन ओला झाला. मला दिसतंय की. त्यानं कशाला सांगाया पायजे?"

म्हातारा हलला नाही. गादीवर मांडी घालून बसला, तसबीहची माळ हातात घेतली आणि भिंतीकडं तोंड केलं. सफरमो गाद्या घेऊन भर रस्त्यातून गेली. बायका दारात येऊन बघत होत्या. ती परत आली, पुढच्या दोन गाद्या घेतल्या, पुन्हा गेली. मी कुदळ घेऊन माळवदावर चढलो.

खाली गाव जमलं. बोइमत ओरडत होता की शोभतं का हे, सासऱ्याच्या डोक्यावरचं छप्पर काढतोस. मी ऐकलं नाही. पाच महिन्यांपूर्वी मीच तुडवलेला तो थर, त्यावर उस्तादाचा हात. कुदळ उचलली. पहिला घाव घातला, टवका उडाला. दुसरा घातला. चौथ्या घावाला खालच्या काटक्यांपर्यंत भोक पडलं आणि आतून धुळीत उजेडाचा पट्टा सरळ म्हाताऱ्याच्या टोपीवर पडला. त्यानं वर बघितलं. आम्ही दोघं त्या भोकातून एकमेकांकडं बघत राहिलो. मला वाटलं, आता शिव्या देईल. आता शाप देईल.

"आरं गाढवा," तो म्हणाला, "तुळईवर घाव घालतोयस. वासा फुटंल. पन्हाळीकडनं सुरवात कर."

मी पन्हाळीकडं गेलो आणि घाव घातला.

"तिरपा धर. तिरपा! खरवडायचंय, खनायचं न्हाई." मग खालून खोकल्याचा आवाज, काठीचा आवाज, शिडी करकरली आणि म्हातारा धापा टाकत माळवदावर आला. माझ्या हातातली कुदळ हिसकावून घेतली. "बावीस वर्सं म्या काय शिकवलं तुला?"

चिखल तुडवायला, असं ओठांवर आलं होतं. गिळलं. तो पन्हाळीच्या कडेला बसला आणि स्वतःचं लिंपण खपल्या काढाव्यात तसं पदरापदरानं काढू लागला. एकही काटकी मोडली नाही. खालून लोक बघत होते. जसं त्यांनी त्याला लिंपताना बघितलं होतं, तसंच. कुणी वर आलं नाही, कुणी हातही लावला नाही, कारण जिवंत माणसाचे वासे उचलणं म्हणजे अपशकुन. मग म्हातारा, सफरमो आणि मी, असं तिघांनी गाढवावर बांधून दोन दिवसांत चौदा वासे आणि एक तुळई माळावर नेली. शेवटच्या खेपेला म्हाताऱ्यानं उघड्या भिंतींकडं वळूनही पाहिलं नाही.

मग आला तो काळ मला आजही आठवू नयेसा वाटतो. माळावर गोट्यांत कापडाचं पाल ठोकून आम्ही राहिलो आणि डोंगर काही येईना. एक दिवस गेला, चार गेले, नवरोज गेला, सात गेले. ऊन चांगलं पडत होतं. बाकीची सहा घरं जागच्या जागी सुखात होती, संध्याकाळी त्यांच्या तंदुरांतून धूर निघायचा. लोक माळाच्या कडेला येऊन विचारायचे, जावई, थंडी वाजते का. सासरा दिवसभर वाशांच्या ढिगावर बसायचा. सफरमो पाण्यासाठी लांब जायची आणि आल्यावर हंडा आदळून ठेवायची.

आणि मी रोज सकाळी उठून त्या कड्याकडं बघायचो आणि मनात म्हणायचो, ये, एकदाचा ये. कुणाचं घर मोडावं म्हणून माणूस दुवा मागतो का? मी मागत होतो. खाली सहा घरांत माणसं होती हे ठाऊक असून. माझं म्हणणं खरं ठरावं म्हणून. मला माझीच शिसारी यायची आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

नवव्या दिवशी कपारीतली धार आटली. बायका हळहळल्या. मी मात्र हातातलं टाकून उठलो, पायात काही न घालताच. धार आटली म्हणजे पाणी संपलं नव्हतं, वाट बुजली होती. मी धावत खाली गेलो, सहाही घरांची दारं वाजवली. पाचांनी मला हाकललं. जुमागुल आपा मात्र उंबऱ्यात उभी राहिली, तिनं माझ्या पायांकडं बघितलं. ते अनवाणी होते. तिनं गाईचं दावं सोडलं, शेळ्या पुढं घातल्या आणि माळावर आली. ती निघाली हे बघून शेजारची निघाली, ती का निघाली म्हणून तिच्या शेजारची. माझ्या बोलण्यानं कुणी हललं नव्हतं, ते जुमागुलच्या गाईच्या मागून आले. दोन रात्री सगळे माळावर झोपले आणि मला शिव्या देत राहिले.

अकराव्या दिवशी दुपारी, चहाची वेळ होती. मोठा आवाज वगैरे झाला नाही. कड्याच्या माथ्यावरून गवताची एक पट्टी किंचित खाली सरकली. मग ती आणखी सरकली, गवत उभंच. मग सगळा उतार एकदम पोट सोडून बसला आणि पिवळ्या धुळीचा लोट गावावर चढला. बराच वेळ काही दिसेना. धूळ बसली तेव्हा सात घरं नव्हती. रस्ता नव्हता. जर्दाळूच्या झाडांचे शेंडे मातीतून वर आले होते, फुलांसकट. माणूस एकही गेला नाही.

आनंद झाला का? नाही. माझं खरं ठरलं असंही वाटलं नाही. बायका रडत होत्या आणि मला कुणाच्या तोंडाकडं बघवेना.

संध्याकाळी बैठक भरली, माळावरच. मला वाटलं होतं, निदान आज कुणी हसणार नाही. हसलं नाहीच कुणी. बोइमत गंभीरपणे म्हणाला, "झालं ते झालं. पन एक सांगतो. उस्तादाचं घर डोंगराला पाठ लावून उभं व्हतं. चाळीस वर्सं डोंगराला त्या घरानं टेकू दिला. त्याचं माळवद काढलं, भिंती ढिल्या पडल्या, आन्‌ डोंगर सरकला."

माना डोलल्या. सगळ्यांच्या डोलल्या. जुमागुल आपानंसुद्धा क्षणभर विचार केला आणि डोलावली.

सासरा तेवढ्यात उठला. कुणालाच काही न सांगता काठी टेकत पडलेल्या मातीकडं चालू लागला. मी मागोमाग गेलो, अजून ढेकळं सुटत होती म्हणून. तो चढत चढत ढिगाऱ्याच्या मध्यावर गेला आणि थांबला. तिथं घराएवढा एक ठोकळा सरळ उभा खाली आला होता, माथ्यावरच्या गवतासकट. आणि गवताच्या मधून हातभर रुंद गुळगुळीत पट्टा गेला होता. अखंड. केसाएवढी चीर नव्हती. डोंगर लिंपणाच्या मागं, आम्ही खड्डे खणले होते तिथून फुटला होता.

म्हाताऱ्यानं पट्ट्यावरून तळहात फिरवला.

"बग," तो म्हणाला. "माजं लिंपन फुटलं न्हाई."

मी बघितलं. खरंच फुटलं नव्हतं.

"न्हाई फुटलं, उस्ताद," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

महिन्याभरानं माळावर आम्ही नवीन घर धरलं. माती दूर जाऊन उकरावी लागली नाही, डोंगरानं ती सगळी आयतीच खाली आणून ठेवली होती, मऊ आणि बिनखड्याची. वासे पुरे पडले. बाकीच्या सहा घरांना वासे नव्हते, ते अजून ढिगारा उपसताहेत. माळवदाच्या लिंपणाच्या दिवशी मी माती चाळली, काड टाकलं आणि पायजमा गुडघ्याच्या वर खोवून उभा राहिलो. सासरा बादली हातात घेऊन मातीच्या आळ्याशी आला. पाणी ओतणार तोच थांबला, आणि बावीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं.

"शोदीबेक," तो म्हणाला, "पानी किती घालू?"

मला क्षणभर कळेना की हाक मला आहे. सफरमो शिडीवर थबकली. मी मातीकडं बघितलं, मूठभर उचलून दाबली, विचार केला.

"दोन बादल्या. जास्त नगं."

त्यानं मान डोलावली. दोन ओतल्या, आळ्याकडं जरा वेळ बघितलं, मग आणखी दोन ओतल्या आणि मला तुडवायला बोलावलं.